कागदावरची चुणी

आज बोलायचे आहे ते एका चित्रकाराच्या पूर्वतयारीच्या रेखाटनांविषयी. क्रिस्तो हा मूळचा बल्गेरियाचा. १९५७ साली साम्यवादी राजवटीतून तो निसटला. पुढे पत्नी झाँ-क्लोद हिच्यासह त्याने मोठमोठ्या वास्तू कापडात गुंडाळल्या. कापड काही दिवस राहायचे, मग उतरवले जायचे.

१९७१ साली बर्लिनमधले राइशस्टाग, म्हणजे जर्मनीचे जुने संसद भवन, त्याच्या मनात भरले. त्या रेखाटनांच्या प्रतिमा मी पुष्कळदा पाहतो. पेन्सिलीने, कोळशाने काढलेल्या चुण्या. सोबत शहराचा नकाशा, कापडाचा नमुना, मोजमापे. स्वप्न आणि हिशेब एकाच कागदावर! मला त्यात चित्रकाराइतकाच शिंपीही दिसतो.

तेव्हा या इमारतीला अगदी खेटून बर्लिनची भिंत होती. परवानगी तीनदा नाकारली गेली. १९८९ मध्ये भिंत पडली. फेब्रुवारी १९९४ मध्ये संसदेत मतदान झाले: बाजूने २९२, विरुद्ध २२३. जून १९९५ मध्ये सुमारे एक लाख चौरस मीटर रुपेरी कापडाने इमारत झाकली गेली आणि चौदा दिवसांनी मोकळी झाली. काँक्रीटची भिंत गेली. कागद मात्र चोवीस वर्षे वाट पाहत राहिला.

या दोघांनी प्रायोजक कधी घेतला नाही. रेखाटने विकूनच खर्च भागवला. आणि एकदा काम झाले, की क्रिस्तो त्याचे चित्र पुन्हा काढत नसे. म्हणून या कागदांना मी आठवणी म्हणत नाही. प्रत्येक रेघ होकार मिळण्याआधीची आहे.

आपल्याला हे परके वाटू नये. मोहरमचे ताबूत आपण खपून सजवतो आणि थंडे करतो. गणपतीचा मांडव उतरला, की रोजचाच चौक क्षणभर नवा दिसतो. झाकलेल्या राइशस्टागचेही तसेच झाले. शिल्पे, खिडक्या लपल्या आणि नुसता आकार लोकांसमोर आला.

झाँ-क्लोद २००९ साली गेली, क्रिस्तो ३१ मे २०२० रोजी. पॅरिसची विजयकमान गुंडाळण्याची कल्पना त्याने साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच चित्रातून मांडली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांनी ती त्याच्या रेखाटनांबरहुकूम गुंडाळली, सोळा दिवसांसाठी. कापड होते, तांबडे दोर होते, पाहायला पॅरिस लोटले होते. कागदावर पहिली चुणी काढणारा तेवढा नव्हता.