अचूक प्रश्न, पूर्ण यादी



नोंदवह्या चाळून हवी ती नावे वेचून काढण्याचे काम कार्यालयांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. आता नोंदवही संगणकात आली आहे. परंतु संगणक विचारले तेवढेच सांगतो. म्हणून त्याला विचारावे कसे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली. पुढे त्याच संस्थेतील मोशे झ्लूफ यांनी नमुना भरून प्रश्न विचारण्याची पद्धत सिद्ध केली. १९९२ साली बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधील क्वेरीची चौकट याच धर्तीची आहे. तिच्यात वरच्या ओळीत रकान्याचे नाव येते, खाली क्रम आणि त्याखाली अट. एकाच ओळीत लिहिलेल्या अटी ‘आणि’ने जोडल्या जातात, निरनिराळ्या ओळींतील ‘किंवा’ने. ‘तालुका फोंडा’ व ‘वय ६० हून अधिक’ या अटी एका ओळीत असतील, तर फोंड्यातील वृद्ध तेवढेच मिळतात. त्याच दोन ओळींत पडल्या, तर फोंड्यातील तरुणही येतात आणि इतर तालुक्यांतील वृद्धही.

जादा नावे निदान नजरेस पडतात. गळालेली नावे पडत नाहीत. समजा, अर्थसाहाय्याच्या अर्जदारांचा एक तक्ता आहे आणि बँक खात्यांचा दुसरा. दोन्ही नेहमीप्रमाणे जोडले, तर जिच्या खात्याची नोंद व्हायची आहे अशी विधवा यादीतून निमूटपणे वगळली जाते. संगणक चुकीची सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. यावर उपाय सोपा आहे. दोन तक्त्यांना जोडणाऱ्या रेषेवर दोनदा क्लिक करून अर्जदारांच्या सर्व नोंदी घेण्याचा पर्याय निवडावा. मग खाते क्रमांकाखाली ‘इज नल’ ही अट लिहिली, की ज्यांची खाती नोंदवायची राहिली त्यांचीच यादी हाती येते.

रिकाम्या रकान्याचाही असाच विसर पडतो. ‘फोंडा नव्हे’ असे विचारल्यास ज्याचा तालुकाच लिहिलेला नाही, तो अर्जदार उत्तरात येत नाही. त्याच्यासाठी पुढच्या ओळीत ‘इज नल’ लिहावे लागते. इतर अटी असल्यास त्याही त्या ओळीत पुन्हा लिहाव्यात.

म्हणून यादीवर सही होण्यापूर्वी मूळ तक्त्यातील नोंदी आणि उत्तरातील नोंदी मोजून पाहाव्यात. फरक पडला, तर तो का पडला हे सांगता आले पाहिजे. त्या फरकात एखाद्या कुटुंबाची चूल अडकलेली असू शकते.