पहिली नेमणूक स्वयंपाकिणीची
(निजामपुरा, भिवंडी येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय, 'आहारविकारांसाठी स्वतंत्र उपचारकेंद्र'. मघाशी एका गृहस्थांनी विचारलं, "डॉक्टर, म्हणजे डाएट सांगणार ना?" (हशा) नाही हो. मी आज खायला कसं घालायचं ते सांगायला आलोय.

अ‍ॅनोरेक्सिया, बुलिमिया हे शब्द तुम्ही पुरवण्यांत वाचलेत. एकात माणूस उपाशी राहतो, दुसऱ्यात बकाबका खाऊन ओकून टाकतो. एवढं धरून पुढे जाऊ. माझं म्हणणं असं, की असं केंद्र काढाल तेव्हा पहिली नेमणूक मानसोपचारतज्ज्ञाची करू नका, स्वयंपाकिणीची करा. माझे व्यवसायबंधू यावर चिडतात. चिडू देत.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. ही मुलं दिवसभर जेवणाचंच बोलू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, एकेका घासाशी तासन्‌तास खेळत बसू लागली. चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. आजार नव्हता, नुसती उपासमार होती. मग जिचं वजन पंचेचाळीसवरून तिसावर आलंय, तिच्याशी मनातल्या गाठींविषयी काय बोलणार? आधी अन्न. तेही बेताबेताने, रक्त तपासत. एकदम ताट भरून वाढलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि जीवावर बेतू शकतं. तेव्हा डॉक्टर लागतोच, माझी नोकरी शाबूत आहे. (हशा)

आता एक छोटीशी गोष्ट. बिशी म्हणजे यंत्रमाग कामगारांची खानावळ, हे निजामपुऱ्यात सांगायला नको. अशाच एका बिशीच्या अक्का माझ्या ओळखीच्या. कोण किती पोळ्या खातो, कोण भात टाकतो, सगळं तोंडपाठ. त्यांच्याकडे एक एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा जेवायचा. ओळख पुसून सांगतोय. नुकताच जिमला जायला लागलेला, पोट दिसतं म्हणून बनियनवर बसायला लाजायचा. चौघांचं जेवण एकटा जेवायचा, वर दोन तांबे पाणी, आणि ताक यायच्या आत गायब. अक्का म्हणाल्या, "खाल्लेलं अंगाला लागत नाही, म्हणजे जातंय कुठं?" मग त्यांनी त्याचा उजवा हात पाहिला. बोटांच्या सांध्यांवर वरच्या बाजूने घट्टे. मागावर काम करून हाताला काय काय होतं ते त्यांनी जन्मभर पाहिलेलं. हे तसले नव्हते. घशात बोटं घालताना वरचे दात घासून पडलेले होते ते!

लंडनला प्रोफेसर जेरल्ड रसेल यांनी १९७९च्या निबंधात बुलिमियाला नाव दिलं, आणि हेच घट्टे तिथे नोंदवले. वैद्यकात त्यांना रसेलची खूण म्हणतात. आमच्या अक्कांनी रसेल कशाला वाचलाय!

पण त्यांनी पुढे केलं ते ऐका. रागावल्या नाहीत, कुणाला सांगितलं नाही. जेवण झालं की, "बाळा, तांदूळ निवडायला बस जरा." तासभर. रोज. आजारी माणसाशेजारी बसून जेवायचं आणि जेवणानंतर त्याला एकटं सोडायचं नाही, हे आहारविकारांच्या वॉर्डांतल्या परिचारिकांचं मुख्य काम असतं. अक्कांकडे नर्सिंगचं सर्टिफिकेट नव्हतं, तांदूळ होते. पोरगा माझ्याकडे आला तो नंतर, आणि अक्काच त्याला घेऊन...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं.

१९८७मध्ये रसेल आणि सहकाऱ्यांनी ८० रुग्णांवरचा अभ्यास छापला. आजार लहान वयात जडलेला आणि तीन वर्षांच्या आतला असेल, तर रुग्णालयातून घरी गेल्यावर कुटुंबाला बरोबर घेऊन केलेले उपचार सरस ठरले. म्हणजे घरचं जेवणाचं ताटच उपचारात घ्यायचं. आपल्याकडे व्यसनाच्या बाबतीत हे झालंय. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण सुरू केलं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पुलं आणि सुनीताबाईंनी पैसे दिले. इमारत बांधण्यात वर्षं घालवली नाहीत. रुग्णांच्या बायकांचाही गट उभा केला. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९०पासून आहे. आहारविकारांसाठी मला असंच हवं. चार खाटा, एक प्रयोगशाळा जवळ, आणि मोठं स्वयंपाकघर.

(सभागृहातून : "इथं लोकांना दोन वेळचं मिळत नाही, डॉक्टर!")

ठाऊक आहे. हे श्रीमंतांचं दुखणं, असंच ना? बिशीत कोण श्रीमंत जेवतं हो? (टाळ्या) आणि उपाशी गावात हा आजार जास्त लपतो. कुणाची चतुर्थी, कुणाचा गुरुवार, कुणाचे रमजाननंतरही चाललेले रोजे. पोरगी जेवली नाही तर घरात कौतुकच होतं. खरा उपास कुठला आणि आडोसा कुठला, हे चुलीपाशी बसणारीला आधी कळतं. म्हणून म्हणतो, स्वयंपाकीण!

दोन मिनिटं राहिली. पाळी थांबली, चक्कर येते, जेवल्यावर लगेच न्हाणीघर गाठलं जातं, यातलं काहीही दिसलं तर वजनाचा टोमणा मारू नका, डॉक्टरकडे न्या. फोन करायचा तर टेली-मानस, १४४१६, पैसे पडत नाहीत. खर्चाचा हिशेब मांडायचा राहिलाच. अध्यक्ष उठलेत, तो प्रश्नोत्तरांत घेऊ.