उंबऱ्यात किती ज्वारी येते?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

श्रोतेहो, प्रभावी भाषण कसं करावं, हे सांगायला मला बोलावलंय. माझी पात्रता एवढीच, की एक अत्यंत निष्प्रभ भाषण मी केलेलं आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली.

गोष्ट २००३ सालची, कुर्डुवाडीची. मी तेव्हा एका बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर होतो. दुष्काळाचं वर्ष. राष्ट्रीय कृषी विमा योजनेची माहिती शेतकऱ्यांना द्यायची, असं वरून फर्मान आलं. स्टेशनजवळचा एक हॉल घेतला. ओव्हरहेड प्रोजेक्टर मागवला. मी चौतीस पारदर्शिका तयार केल्या, रंगीत पेनांनी. घरी आरशासमोर दोनदा तालीमही केली.

माणसं चांगली दीडशेच्या वर आली. मी सुरुवात योजनेच्या इतिहासापासून केली. मग उद्दिष्टं, मग व्याप्ती. अकराव्या पारदर्शिकेवर वाक्य होतं : ‘मंडलाचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नापेक्षा कमी आल्यास नुकसानभरपाई देय राहील.’ मी ते मोठ्यानं वाचलं. तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला विचारलं, ‘‘उंबऱ्यात किती ज्वारी येते म्हनतोय ह्यो?’’ आजूबाजूला हशा पिकला. मीही हसलो आणि बारावी पारदर्शिका लावली.

श्रोतेहो, माझं भाषण तिथंच संपलं होतं. पुढचा पाऊण तास मी नुसता बोलत होतो. त्या काळी कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी अजून चालू होती. तिची वेळ झाली तशी बार्शीकडची मंडळी पिशव्या सावरत उठली. कर्ज न घेतलेल्या शेतकऱ्यानं काय करायचं, कुठले कागद आणायचे, कोणत्या तारखेच्या आत आणायचे, हे सगळं माझ्या तिसाव्या पारदर्शिकेवर होतं! तेव्हा समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि उरलेल्यांचं लक्ष चहाच्या किटलीकडे होतं.

मुदत संपल्यावर चार दिवसांनी एक शेतकरी बँकेत आला. सातबारा, पैसे, सगळं घेऊन. जेमतेम ओलीवर चार एकर ज्वारी पेरलेली. मी म्हटलं, ‘‘अहो, सभेत सांगितलं होतं की!’’ तो म्हणाला, ‘‘हुतो की सायब सभेला. शेवटपातुर हुतो. तुमी बोलला लई, पन करायचं काय ते काय ध्यानात ऱ्हायलं न्हाई.’’ विमा उतरवता आला नाही. त्याची ज्वारी हुरड्यालाही आली नाही.

तो शेवटपर्यंत बसला होता, हे मला फार लागलं.

त्यानंतर एका स्नेह्यानं मला गाडगेबाबांच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं कीर्तन. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला बाबा गेले. ऐकताना मी बँकवाल्याच्या कानांनी ऐकत होतो : हा माणूस करतो काय? तर हा माणूस विचारतो. साधा, कोणालाही देता येईल असा प्रश्न, वऱ्हाडी बोलीत. मग थांबतो. लोक एकमुखानं उत्तर देतात. त्या उत्तरावर पाय ठेवून पुढचा प्रश्न. दहा मिनिटांत श्रोता अशा जागी पोहोचतो, की कर्ज काढून सण करणं वेडेपणाचं आहे, हे बाबांनी सांगण्याआधी तोच कबूल करतो. स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर माणसाला सहसा नाकारता येत नाही.

आणि कीर्तनाआधीची तयारी? बाबा गावात शिरायचे ते हातात खराटा घेऊन. आधी गाव झाडायचे, कीर्तन नंतर. लोक याकडे स्वच्छतेचा धडा म्हणून बघतात, ते खरंच आहे. पण मला वाटतं, झाडता झाडता त्यांना गावही कळत असणार. उकिरडा कुठं, दारूचा गुत्ता कुठं, पोरं शाळेत आहेत की गुरांमागं. मी आरशासमोर तालीम केली होती. आरशात कोण दिसणार? मीच.

आपल्याकडच्या नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असतं. म्हणजे विचार झाला, की गोष्ट. माझ्या चौतीस पारदर्शिकांत गोष्ट एकही नव्हती. आकडे मात्र पुष्कळ होते.

पुढच्या वर्षी पुन्हा सभा लागली. या वेळी प्रोजेक्टर नेला नाही. छोट्या गाडीची वेळ आधी विचारून घेतली. सकाळी लवकर जाऊन हॉलबाहेरच्या टपरीवर बसलो, येतील त्यांच्याशी बोललो. सभेत पहिलाच प्रश्न टाकला, ‘‘औंदा ज्वारी कोणी कोणी पेरलीय?’’ बरेच हात वर झाले. ‘‘त्यात कर्ज न काढता कोणी?’’ पंचवीस-तीस हात राहिले. ‘‘कर्ज घेतलेल्यांचा विमा बँकच उतरवते. ही सभा तुमच्यासाठी आहे,’’ असं म्हटल्यावर ती मंडळी खुर्च्या पुढं ओढून बसली. सातबारा आणि पेरणीचा दाखला मी हातात धरून दाखवले. ‘‘शंभरावर हप्ता दोन रुपये. दहा हजारांच्या विम्याला किती?’’ कोणी तरी ओरडलं, ‘‘दोनशे!’’ मी थांबलो. मागून आणखी चार जणांनी तोच हिशेब केला. उंबरठा उत्पन्नाचं आता उंबऱ्याशी काही नातं उरलं नव्हतं. ‘‘आपल्या मंडलात मागच्या काही वर्षांत जे पीक येत आलंय, त्यावरून सरकार एक रेघ ओढतं. मंडलाचं सरासरी पीक त्या रेघेच्या खाली गेलं, तरच भरपाई. तुमच्या एकट्याच्या रानात गेलं, तर नाही.’’ हे शेवटचं वाक्य मागल्या वर्षी मी गाळलं होतं, कारण ते ऐकायला बरं वाटत नाही. ते ऐकून दोघं उठून गेले. पण जे थांबले, त्यांना आपण काय विकत घेतोय ते कळलं होतं.

ती योजना आता राहिलेली नाही. २०१६च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली, नियम बदलले. छोटी गाडीही गेली, त्या मार्गावर ब्रॉडगेज धावते. मीही निवृत्त झालो.

त्या दुसऱ्या सभेचं एक सांगायचं राहिलं. वीस मिनिटांत सगळं उरकलं, माझ्यावर मीच खूश होतो. आभार मानायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला एक माणूस म्हणाला, ‘‘सायब, तारीख?’’ मागल्या वर्षी हुकलेला तोच शेतकरी. मी तारीख सांगितली. त्यानं मान हलवली, ‘‘अशी नगं. फळ्यावर लिवा. मोठ्ठी.’’

मी खडू घेतला.