कंपनीची शिष्यवृत्ती आणि आपल्या मुली

(वसतिगृहाच्या मदतनीसांच्या वार्षिक मेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्याची, पावरा समाजाची. आपल्या वसतिगृहात सहा वर्षं राहून मी बारावी झाले. आता नाशिकला बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा बराचसा खर्च एका कंपनीच्या शिष्यवृत्तीतून चालतो. ती कशी मिळाली ते सांग, असं वॉर्डनबाई म्हणाल्या, म्हणून इथे उभी आहे.

आमच्या घरच्यांना वाटतं की कंपनीने मला दया म्हणून पैसे दिले. तसं नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ असं सांगतं की ज्या कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान २ टक्के समाजाच्या कामावर खर्च करावेत. हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे आणि शिक्षण हा त्यातला एक मान्य विषय आहे. रिलायन्स फाउंडेशन पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना पूर्ण अभ्यासक्रमासाठी २ लाखांपर्यंत देतं. ‘कोटक कन्या’ शिष्यवृत्तीत व्यावसायिक पदवीला प्रवेश घेणाऱ्या मुलींना वर्षाला दीड लाख मिळतात. अशा आणखीही पुष्कळ आहेत.

कोणी विचारेल, आदिवासी मुलांना सरकारी शिष्यवृत्ती असताना ही कशाला? सरकारी शिष्यवृत्ती आहे, आणि तिच्याशिवाय मी नर्सिंगचं नावही काढलं नसतं. पण महाडीबीटीवर अर्ज भरल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत बरेच महिने जातात. तोवर खोलीचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ पैसा, गणवेश, पुस्तकं, प्रात्यक्षिकाला जायचं बसभाडं हे सगळं रोखीने लागतं. माझे आईबाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. हातात येतं त्यातून आधी मुकादमाची उचल फिटते. मुली कॉलेज सोडतात त्या फीमुळे कमी, या रोजच्या खर्चामुळे जास्त.

आता अर्जाबद्दल सांगते.

पहिली अडचण तारखांची. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो. कंपन्यांचे अर्ज निघतात पावसाळ्यात आणि त्यांना चालू वर्षाचा दाखला लागतो. म्हणजे एप्रिल उजाडला की नवा दाखला काढायला लागायचं. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल हवा, वडिलांची सही हवी, आणि वडील तेव्हा बारडोलीकडे उसाच्या फडात. माझे बाबा त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी आले. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना सेतू केंद्रात घेऊन गेले. त्यांना वाटलं होतं, पोरगी आधी जेवायला तरी बसू देईल.

माझ्याबरोबर वसतिगृहात एक मैत्रीण होती. तिला बारावीला माझ्यापेक्षा जास्त गुण होते, आणि जीवशास्त्र मला तीच समजावून सांगायची. तिच्याकडे दाखला मागच्या वर्षाचा होता. घरचे जूनमध्ये परतले, नवा दाखला हातात आला तोवर अर्जाची मुदत संपली होती. ती आज भावाबरोबर ऊसतोडीला जाते. आम्हा दोघींमध्ये फरक एका कागदाचा होता. हुशारीचा असता तर आज इथे ती बोलली असती.

दुसरी अडचण फॉर्मची. तो सगळा इंग्रजीत होता. नाव, गाव, गुण एवढं मी भरलं. पुढे एक चौकोन होता. तुम्ही आजवर काय मिळवलं, कुठे पुढाकार घेतला, ते २०० शब्दांत लिहा. मी लिहिलं, ‘आम्ही फार गरीब आहोत, कृपया मदत करा.’ वॉर्डनबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, “गरिबी तर दाखल्यावर लिहिलेलीच आहे. तू काय करतेस ते सांग.” मी म्हटलं, मी काहीच करत नाही बाई. मग त्यांनी विचारलं, सुट्टीत घरी गेल्यावर दिवसभर काय करतेस?

आमच्याकडे उन्हाळ्यात घरोघरी आमचूर करतात. कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, उन्हात वाळवायच्या. वाळलेला माल व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो आणि तो सांगेल ते वजन. दहावीच्या सुट्टीत मी गल्लीतल्या बायकांचा माल आधी घरी मोजून वहीत लिहायला लागले. पुढच्या वर्षी सात घरांचा माल एकत्र नेला आणि वही समोर ठेवून भाव केला. हे मला काम वाटतच नव्हतं. बाईंनी तेच लिहायला लावलं. आधी मी मराठीत लिहिलं, मग आम्ही दोघींनी मिळून इंग्रजी केलं.

मुलाखत फोनवर झाली. गावात रेंज नाही, म्हणून मी पहाटे टेकडीवर जाऊन बसले. त्यांनी गुणांबद्दल एकच प्रश्न विचारला. बाकी सगळा वेळ ते आमचुराबद्दल विचारत होते. वजनात किती फरक पडायचा? व्यापारी चिडला नाही का? त्याची उत्तरं मला पाठ करावी लागली नाहीत.

निवड झाली, तरी पैसे लगेच आले नाहीत. कंपनीला आधी प्रवेशाची पावती हवी होती आणि कॉलेजला आधी पैसे. मधल्या दोन महिन्यांसाठी ९,००० रुपये लागत होते. ते वसतिगृहाच्या निधीतून उसने मिळाले. तो निधी तुमच्यासारख्यांच्या दानातून उभा राहिलेला आहे. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता आल्यावर मी ते परत केले, आणि बाईंनी तेच पैसे पुढच्या मुलीला दिले. माझी जागा त्या ९,००० रुपयांनी राखली, हे आज तुमच्यासमोर सांगायला मिळालं याचा मला आनंद आहे.

म्हणून तुमच्याकडे माझं मागणं आहे ते मोठ्या देणगीचं नाही.

वसतिगृहात यंदा बारावीला अकरा मुली आहेत. प्रत्येकीची एक फाईल जानेवारीतच तयार व्हायला हवी: आधार, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, आधारशी जोडलेलं बँकेचं खातं. वैधतेला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ती अकरावीतच सुरू करावी. तुमच्यापैकी कोणी तहसील कचेरीत किंवा बँकेत काम करत असेल, तर एका मुलीची फाईल आपल्याकडे घ्या.

ज्यांना इंग्रजी येतं, त्यांनी फॉर्म भरताना एकीच्या शेजारी बसा. लिहून देऊ नका, विचारा. फोनवर खोटी मुलाखत घ्या, म्हणजे खऱ्या वेळी आवाज कापणार नाही. एक शिष्यवृत्ती घेतली तर दुसरी चालते का, ही अट नीट वाचून बघा. प्रत्येक ठिकाणी ती वेगळी असते. आणि ‘अर्जासाठी आधी पैसे भरा’ असं कोणी म्हणालं तर मुलींना तिथेच थांबवा.

उसनवारीचा तो निधी आटू देऊ नका. त्यातला पैसा फिरून परत येतो.

माझ्या मैत्रिणीशी मागच्या आठवड्यात फोनवर बोलले. ती यंदा पुन्हा प्रवेश परीक्षेला बसायचं म्हणते आहे. तिचे वडील एप्रिलमध्ये फडावर असतील, तेव्हा त्यांना दोन दिवस सुट्टी मिळवून धडगावला आणायला आणि तलाठ्याकडे न्यायला कोणीतरी लागेल. मेळावा संपल्यावर मी वॉर्डनबाईंच्या टेबलाशी वही घेऊन उभी राहते. ज्यांना जमेल त्यांनी नाव आणि फोन नंबर लिहून जावं.

देव आपल्या सर्वांना आशीर्वादित करो. सलाम.