देव : तो, ती की ते?

(सुवर्णमहोत्सवानिमित्त कोल्हार येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गावाच्या नावातच भगवती आहे, तेथे देव पुरुष की स्त्री हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. भगवतीमातेच्या मंदिरामुळे तो शब्द येथील लेकराच्याही तोंडी आहे. जैन श्रावकालाही तो परका नाही. पाचव्या अंगाचे मूळ नाव व्याख्याप्रज्ञप्ती. पण आदरापोटी सारा संघ त्याला भगवतीसूत्र म्हणतो. प्रश्नव्याकरणसूत्रात तर अहिंसेलाच भगवती म्हटले असून तिची साठ नावे सांगितली आहेत. असे असूनही 'देव' हा शब्द उच्चारताच बहुतेकांच्या मनासमोर पुरुषाकृतीच उभी राहते. पाठशाळेत चोवीस तीर्थंकरांची नावे म्हणताना एकोणिसाव्या नावापाशी एखादी मुलगी थबकते आणि विचारते, "मल्लिनाथ भगवान ते, की त्या?" शिकविणाऱ्यास चटकन उत्तर सुचत नाही. आजचा विषय त्या मुलीच्या प्रश्नाचा आहे.

प्रथम भाषेचा गुंता बाजूला करावा लागेल. मराठीत तो, ती आणि ते अशी तीन लिंगे आहेत आणि त्यांतील एक निवडल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. चातुर्मासात महाराजसाहेबांचे प्रवचन हिंदीत होते. तेथे 'मेरी आत्मा' असे ऐकून श्रावक घरी येतो आणि मराठीत 'माझा आत्मा' म्हणतो. स्थानकाचा उंबरठा ओलांडताच आत्म्याचे लिंग बदलते. आत्म्याला मात्र त्याची खबर नसते. संस्कृतात ब्रह्म नपुंसकलिंगी, तर देवता हा शब्द पुरुषदेवासाठी वापरला तरी स्त्रीलिंगीच राहतो. पेठेतील दुकानदार 'गिऱ्हाईक आले' म्हणतो, तेव्हा आलेली व्यक्ती बाई की बाप्या हे त्या शब्दावरून कळत नाही आणि व्यवहाराचे काही अडतही नाही. तेव्हा व्याकरणावरून देवाचे लिंग ठरविणे व्यर्थ होय.

शेजारी समाजांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला आहे. कोल्हारवरून वाहणारी प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तेथे विष्णूच्या मोहिनीरूपाचे मंदिर असून दैवताचे नाव मोहिनीराज आहे. नावाचा पूर्वार्ध स्त्रीचा आणि उत्तरार्ध पुरुषाचा! अमृताच्या वाटपाच्या वेळी मोहिनीने राहूचे मस्तक उडविले, ते राहुरीस पडले आणि धड कायगावास, अशी लोककथा या भागात सांगतात. त्याच नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तिच्या कर्त्याला वारकरी 'माउली' म्हणतात आणि पंढरीच्या विठ्ठलालाही विठाई म्हणून हाक मारतात. या परंपरेने देवाला पिता मानले आणि आईही मानले. तिच्या भक्तीला त्यात अडचण वाटली नाही.

जैन दर्शनाची वाट निराळी आहे. येथे जगाचा कर्ता असा परमेश्वरच मानलेला नाही. म्हणून प्रश्न उरतो तो सिद्धाविषयी. नवकारात अरिहंतांच्या पाठोपाठ ज्यांना वंदन केले जाते ते मुक्त जीव कसे असतात? आचारांगसूत्राने त्याचे उत्तर केवळ नकारांनी दिले आहे. मुक्त आत्मा लांब नाही, आखूड नाही, वाटोळा नाही. त्यास रंग नाही, गंध नाही, स्पर्श नाही. आणि याच ओघात तो स्त्री नाही, पुरुष नाही, त्याहून तिसरेही काही नाही, असा त्या सूत्राचा आशय आहे. ज्या ओळीने रंग नाकारला तिनेच लिंगही नाकारले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सिद्धांना काळे किंवा गोरे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच त्यांना पुरुष म्हणणेही चुकीचे.

कर्मसिद्धांत याची मीमांसा करतो. शरीराची घडण नामकर्माची. आणि स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद हे अंतरीचे विकार मोहनीय कर्मातील नऊ नोकषायांपैकी तीन. आठवे गुणस्थान ओलांडून नवव्यात पोहोचलेल्या साधकाचे तिन्ही वेद तेथेच गळून पडतात. म्हणजे केवलज्ञान होण्यापूर्वीच जीव अवेदी होतो. पुरुषवेदही कर्मच आहे, ते काही भूषण नव्हे, ही गोष्ट पुरुषमंडळींनी जरा सावकाश मनात उतरवून घ्यावी.

आता मल्लीची कथा. ज्ञाताधर्मकथांगाच्या आठव्या अध्ययनात ती विस्ताराने आली आहे. मिथिलेचा राजा कुंभ आणि राणी प्रभावती यांची ही कन्या. तिच्या रूपाची कीर्ती ऐकून सहा राजे मागणी घालतात आणि नकार मिळताच सैन्य घेऊन मिथिलेवर चालून येतात. मल्लीने आधीच स्वतःसारखी एक सुवर्णप्रतिमा घडवून घेतली होती. ती आतून पोकळ, मस्तकावर छिद्र आणि त्यावर कमळाचे झाकण. रोजच्या भोजनातील एक घास ती त्यात टाकीत असे. सहाही राजे प्रतिमेवर लुब्ध होऊन पाहत असताना तिने झाकण काढले. त्या दुर्गंधीने राजांनी नाकाला वस्त्र लावले. सुंदर देहाच्या आतही हेच भरलेले आहे, हे मल्लीने त्यांना सांगितले आणि पूर्वभवात सातही जण एकत्र दीक्षित होते याची आठवण करून दिली. पुढे त्याच राजांनी तिच्यापाशी दीक्षा घेतली.

या कथेत एक गाठ आहे, ती झाकू नये. पूर्वभवी महाबल नावाचा तो मुनी होता आणि सहा मित्रांशी समान तप करण्याचा करार करून त्याने लपवून अधिक तप केले. त्या मायेपायी त्याला स्त्रीजन्म आला, असे आगम सांगते. श्राविकांना हे टोचते आणि टोचणे स्वाभाविक आहे. तीर्थंकराचे स्त्री असणे हे श्वेतांबर परंपरेने या अवसर्पिणीतील दहा आश्चर्यांत, म्हणजे अच्छेऱ्यांत, मोजले आहे. परंतु त्याच जीवाने त्याच भवात तीर्थंकरनामकर्मही बांधले होते आणि स्त्रीदेहाने ते अडविले नाही.

दिगंबर परंपरेला ही कथा मान्य नाही. तिच्या मते मल्लिनाथ पुरुषच होते आणि स्त्रीदेहातून त्याच भवी मोक्ष नाही. दक्षिणेतील यापनीय संघ आचाराने दिगंबरांच्या जवळचा, पण स्त्रीमुक्ती मानणारा. त्यातील शाकटायनाने नवव्या शतकात स्त्रीमुक्तीच्या समर्थनार्थ स्वतंत्र प्रकरण लिहिले. वाद किती सूक्ष्म असू शकतो याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९३९ साली अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली षट्खंडागमाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यातील त्र्याण्णवाव्या सूत्रात मनुष्यिणीच्या संदर्भात 'संजद', म्हणजे संयत, हा शब्द असावा की नसावा, यावर पंडितांमध्ये मोठा वाद पेटला. शब्द असला तर स्त्रीला पूर्ण संयम मान्य होतो की काय, ही धास्ती. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांत तो शब्द आढळला. तेथे अभिप्रेत आहे ती भावाने स्त्री, देहाने नव्हे, असा दिगंबर विद्वानांचा खुलासा आहे.

दोन्ही परंपरा भांडतात त्या वाटेवरील देहाविषयी. मुक्कामाविषयी त्यांच्यात वाद नाही. सिद्धाला लिंग नाही, हे दोघींनाही मान्य आहे. श्वेतांबरांनी सिद्धांचे पंधरा प्रकार सांगताना स्त्रीलिंगसिद्ध, पुरुषलिंगसिद्ध आणि नपुंसकलिंगसिद्ध असे तिन्ही प्रकार मानले; पण ती ओळख शेवटच्या देहाची, सिद्धाची नव्हे. या अवसर्पिणीत प्रथम मोक्षाला गेली ती ऋषभदेवांची माता मरुदेवी, असे हीच परंपरा सांगते.

मग व्यवहारात काय दिसते? कल्पसूत्रानुसार भगवान महावीरांच्या संघात चौदा हजार साधू आणि छत्तीस हजार साध्वी होत्या. मोक्षाला गेलेले साधू सातशे, तर साध्वी चौदाशे. तरीही पुरुषज्येष्ठ कल्पानुसार शंभर वर्षांची दीक्षित साध्वी आजच दीक्षा घेतलेल्या साधूला वंदन करते. पारण्याच्या दिवशी तपस्वींची नावे वाचली जातात, तेव्हा त्यांत बहुसंख्य श्राविका असतात. विश्वस्तांची यादी वाचली जाते, तेव्हा चित्र उलटे असते. १९८७ साली वीरायतनच्या साध्वी चंदनाजी यांना आचार्यपद देण्यात आले. त्या पुणे जिल्ह्यात जन्मलेल्या महाराष्ट्रकन्या; २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. स्थानकवासी समाजात त्या पदावरून मतभेद झाले. ज्यांना जुनी मर्यादा राखावयाची आहे त्यांनी ती शिस्तीच्या कारणाने राखावी. तो त्यांचा अधिकार आहे. पण भगवंत पुरुष आहेत म्हणून, असे कारण कोणी देऊ नये. आगमात त्याला आधार नाही.

राहिला पाठशाळेतील मुलीचा प्रश्न. श्वेतांबर शिक्षकाने निःसंकोच सांगावे, की मिथिलेत होत्या तेव्हा 'त्या', आणि आता 'ते' नाही व 'त्या'ही नाही. सामायिकात लोगस्स म्हणताना एकोणिसावे नाव 'मल्लिं' असे येते. प्राकृतात इकारान्त नामाच्या द्वितीयेचे एकवचन पुल्लिंगात आणि स्त्रीलिंगात सारखेच होते. त्यामुळे लोगस्स म्हणणाऱ्या श्वेतांबर आजीला किंवा दिगंबर सुनेला पाठ बदलावा लागत नाही.

जिनवाणीच्या विपरीत काही बोलले गेले असल्यास मिच्छा मि दुक्कडं.