काडतुसाची ताकद आणि चापावरचे बोट

(शताब्दीनिमित्त रांधा येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)



मराठीच्या अध्यापकाने रायफलींवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी आयुष्यात रायफल हाती धरलेली नाही; माझी सारी शिकार वाचनालयाच्या कपाटातली. शिकारकथांत ‘४५०’, ‘४७०’, ‘५००’ असे आकडे येतात आणि वाचक ते ओलांडून पुढे जातो. आज त्या आकड्यांपाशी थोडे थांबू या.

हे आकडे म्हणजे नळीचा व्यास, इंचाच्या सहस्रांशांत सांगितलेला. काळ्या दारूच्या काळी जोर हवा असेल तर नळी रुंद आणि गोळी जड करावी लागे. बार उडताच धुराने समोरचे जनावर दिसेनासे होई. कॉर्डाइट ही जवळजवळ निर्धूर दारू आली आणि चित्र पालटले. १८९८ साली रिग्बी या ब्रिटिश कारखानदारांनी ‘४५० नायट्रो एक्स्प्रेस’ हे काडतूस आणले. त्याची सुमारे ३१ ग्रॅमची गोळी सेकंदाला साडेसहाशे मीटर वेगाने सुटे. हत्ती-गव्यासाठी कठीण आवरणाची, खोल शिरणारी गोळी. वाघासाठी मऊ टोकाची, आत पसरणारी. दुनळी रायफलीत दुसरा बार तत्काळ काढता येई, म्हणून तिला मान.

या काडतुसांना राजकारणही चुकले नाही. ४५० बोअरचा दारूगोळा बंडखोरांच्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना उपयोगी पडेल, या भीतीने सरकारने १९०७ साली हिंदुस्थानात त्यावर निर्बंध घातला. कारखानदारांनी लगेच ४६५, ४७०, ४७५ असे नवे बोअर काढले!

त्याच वर्षी जिम कॉर्बेट यांनी चंपावतची वाघीण मारली. ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर होते. कॉर्बेट यांच्याजवळ ५०० बोअरची रायफल होती, पण काडतुसे तीनच. ती संपली, वाघीण समोर जखमी उभी, आणि अखेर तहसीलदारांची साधी बंदूक मागून घ्यावी लागली. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ या १९४४ च्या पुस्तकात त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले आहे. परंतु त्याहून मोलाची गोष्ट पुढे येते. वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे-खालचे सुळे मोडलेले होते, आणि ती इजा जुन्या बंदुकीच्या गोळीची होती. कुणा अनामिकाने बार काढला, जनावर जखमी झाले, आणि तो निघून गेला. त्या एका अर्धवट गोळीची किंमत डोंगरातील गवत कापणाऱ्या बायाबापड्यांनी मोजली.

म्हणून मला वाटते, काडतुसाची ताकद दारूत मोजून भागत नाही. चाप ओढणारा जखमी जनावराच्या मागावर जाण्यास तयार आहे काय, हा खरा प्रश्न. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्या रायफली भिंतीवर गेल्या, हे योग्यच झाले. आपले वारली बांधव वाघदेवाला पूजतात. त्या पूजेत भीतीइतकीच मर्यादेची जाणीव आहे.

वाचनालयाने शिकारकथांचे ते कपाट जपावे. वाचकाने मात्र त्यांत पराक्रमाबरोबर कबुलीही वाचावी, एवढेच सांगून मी आपली रजा घेतो.