कागदावरची तापी, दारातली तापी

या परिषदेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या जलसंपदा खात्यांतून आलेले अभियंते, महापालिकांचे अधिकारी, प्राध्यापक, विद्यार्थी, आणि शहरातल्या उधना, लिंबायत, पांडेसऱ्यातून कामावर सुट्टी टाकून आलेले आमचे खानदेशी बंधुभगिनी, स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे सुरतेत मनःपूर्वक स्वागत करते.

धरणे, पूल, बांध आणि गटारे यांच्या दीर्घकाळच्या धोक्यांवर बोलायला मराठी माणसांनी सुरतेत का जमावे, असे काहींनी विचारले. उत्तर नकाशात आहे. तापी मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून इथे समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे. त्यातले साडेएक्कावन्न हजार महाराष्ट्रात आहे. गुजरातच्या वाट्याला चार हजारसुद्धा येत नाही. अकोला-अमरावतीचा पाऊस पूर्णेतून येतो, नाशिक-जळगावचा गिरणेतून, धुळ्याचा पांझरेतून. माझे माहेर अमळनेर. तिथल्या बोरीचे पाणीही तापीतूनच सुरतेला पोचते. म्हणजे सुरतेला पूर येतो तेव्हा त्यातले बरेचसे पाणी आपल्याच शिवारांतून निघालेले असते, आणि ज्यांच्या घरांत ते शिरते त्यांतही आपली माणसे असतात.

आज मला आपल्यापुढे दोन पुरांचे आकडे ठेवायचे आहेत. १९६८ च्या महापुरात तापीला सुमारे १५ लाख क्युसेक पाणी आले आणि सुरतेतल्या होप पुलाजवळ पातळी १२ मीटरच्या आसपास गेली. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक सोडले गेले आणि त्याच पुलाजवळ पातळी १२.४ मीटर झाली. धोक्याची खूण ९.५ मीटरवर आहे. पाणी सहा लाख क्युसेकने कमी, आणि पातळी तरीही वर!

या दोन पुरांच्या मधे काय घडले? १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले. नदी आता बांधली गेली, या भरवशावर शहर तिच्या पात्राकडे सरकले. १९७१ च्या जनगणनेत सुरत पाच लाखांच्या आत होते. २०११ मध्ये ४४ लाखांच्या वर गेले. काठाने बांध उभे राहिले, पूरमैदानात सोसायट्या आल्या. सिंगणपोरला पिण्याच्या पाण्यासाठी विअर झाला, त्याच्या वरच्या अंगाला गाळ साचू लागला. त्यात ९ ऑगस्ट २००६ ला नारळी पौर्णिमा होती. समुद्र उधाणावर, मग नदीने पाणी टाकायचे कुठे? माझे मत असे, की यातले प्रत्येक काम आपापल्या फाइलमध्ये बरोबर होते. नकाशा होता, मंजुरी होती, सह्या होत्या. पण या सगळ्यांची मिळून बेरीज करणे कोणाच्याच कामात लिहिलेले नव्हते. आजही ते कोणाच्या कामात आहे, हे मला या सभागृहात विचारायचे आहे.

उकाईचेच पाहा. बांधले तेव्हा जलाशयाची क्षमता साधारण ३०० टीएमसी होती. गाळामुळे पुढच्या मोजणीत ती २६० च्या आसपास आली. धरण किती भरायचे, याच्या तारखा ठरलेल्या आहेत: १ ऑगस्टला ३३३ फूट, १ सप्टेंबरला ३३५, १ ऑक्टोबरला ३४५. पुराच्या दृष्टीने जागा रिकामी हवी. पण काक्रापारच्या कालव्यांवर ऊस उभा असतो, वीज हवी असते, हजिऱ्याच्या कारखान्यांना आणि शहराला बारा महिने पाणी हवे असते. ३३३ फुटांवर हात ठेवून बसलेल्या अधिकाऱ्याने जुलैअखेर पाणी सोडले आणि नंतर पाऊस ओढ देऊन बसला, तर उन्हाळ्यात सगळे त्यालाच विचारतात. पाऊस मात्र आता पूर्वीच्या तारखा पाळत नाही. महिन्याचा पाऊस तीन-चार दिवसांत कोसळतो. अशा वेळी जुन्या तारखांना चिकटून राहणे किंवा सगळा भार एका माणसाच्या धैर्यावर टाकणे, दोन्ही मला धोक्याचे वाटते.

एक छोटी वस्तू आपण जवळून पाहावी अशी माझी इच्छा आहे. २००६ मध्ये आम्ही सुरतेतल्या अडाजणला राहत होतो. आमच्या गल्लीत पाणी बांध ओलांडून आले नाही. चौकातल्या गटाराचे झाकण आधी थरथरले, मग उचलले गेले आणि काळे पाणी तिथून वर आले. पावसाळी गटारे नदीत जिथे उतरतात तिथे फ्लड गेट असतात. नदी चढली की ते बंद करायचे आणि शहरातले पाणी पंपाने बाहेर फेकायचे. त्या लोखंडी दरवाजाचा स्क्रू गंजलेला असेल, रबरी पट्टी कुजली असेल, खाली प्लास्टिकची पिशवी अडकली असेल, तर कोट्यवधींचा बांध जागेवर उभा राहतो आणि नदी त्याच्या पोटाखालून घरात येते. त्या दरवाजाला लागते ते ग्रीस, मे महिन्यात एकदा पूर्ण उघडझाप, आणि वहीत तारखेसह एका माणसाची सही. नवा बांध मंजूर करून घेणे सोपे आहे. ग्रीसचा खर्च दरवर्षी मागावा लागतो आणि तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून आधी तोच कापला जातो. याचा मला आजही संताप येतो.

पुलांबद्दल मी थोडक्यात बोलते, कारण उद्याचे एक पूर्ण सत्र त्यावर आहे. सुरतेत शंभरावर पूल आहेत. महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटीच्या दोन गाड्यांसह गेला. त्याची पाहणी त्याच वर्षी झाली होती. वडोदरा आणि आणंद जोडणारा महीवरचा गंभीरा पूल १९८५ चा. ९ जुलै २०२५ ला तो वाहनांसह कोसळला. म्हातारे पूल पडतात हे जितके खरे, तितकेच चाळिशीतले पडतात हेही खरे. पाहणी म्हणजे वरून चालत जाणे नव्हे. पाण्याखाली पायाभोवतीची माती किती खरवडली गेली, बेअरिंग हलते का, हे पाहायला माणूस खाली उतरला पाहिजे.

या शहराकडून शिकण्यासारखेही आहे, आणि यजमान म्हणून ते मी अभिमानाने सांगते. १९९४ च्या पुरानंतर इथे प्लेग आला आणि लोक मिळेल त्या गाडीने पळाले. पुढच्या वर्षी महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवले, झोनना अधिकार दिले, आणि काही वर्षांत सुरतेचे नाव स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. २००६ नंतर आशियातील शहरांच्या हवामान-सज्जता उपक्रमात सुरत सामील झाले, धरण, नदी आणि शहर यांना जोडणारी पूर्वसूचना यंत्रणा उभी राहिली. शहाणपण इथे आहे, पण ते आपत्तीनंतरच जागे होते. आणि ते तापीपुरते राहिले. लिंबायतमधून वाहणारी मिठी खाडी जून २०२५ मध्येही घरांत शिरली. यंत्रमागावर राबणारी आमची जळगाव-नंदुरबारची कुटुंबे पहिल्या सरीलाच धान्याची कोठी पलंगावर चढवतात. त्या खाडीच्या पातळीची सूचना त्यांच्या मोबाइलवर, मराठीत, वेळेत यायला हवी.

आता रुंढ आणि भाठा यांच्यामध्ये तापीवर नवा बॅरेज होतो आहे. शहराला पाणी लागते, त्याला माझा विरोध नाही. फक्त पुरात त्याचे दरवाजे कोणाच्या आदेशाने उघडतील, त्यामागे साचणारा गाळ कोण मोजेल आणि त्या निगेचा पैसा कोणत्या लेखाशीर्षातून येईल, हे बांधकाम संपण्याआधी लिहिलेले असावे. वापरलेले आकडे दर पाच वर्षांनी पुन्हा तपासले जातील, हेही त्याच कागदावर हवे.

उद्या दुपारच्या सत्रात हतनूर, सारंगखेडा, प्रकाशा आणि उकाई येथील अभियंत्यांना आम्ही मुद्दाम एका टेबलावर बसवले आहे. वर दरवाजे उघडले की खाली कोणाला, कोणत्या नंबरवर, किती वेळात कळते, एवढेच त्यांनी एकमेकांना सांगायचे आहे. समोरासमोर ओळख झालेली असली की मध्यरात्रीचा फोन उचलला जातो, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

समितीचे कार्यकर्ते पिवळ्या फिती लावून आहेत. जेवणात सुरती उंधियूबरोबर खानदेशी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी आहे. उद्या सकाळी सात वाजता बस फ्लड गेट पाहायला निघेल. चिखलात चालतील अशी पादत्राणे घालून या. निवासात किंवा व्यवस्थेत काही कमी पडले तर मला हक्काने सांगा. पुन्हा एकदा आपणा सर्वांचे स्वागत करते आणि उद्घाटक महोदयांना विनंती करते की त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.